जिलबीच्या रंगाचं डोकं

शाळा मी दुसरीपर्यंत केली. गोड लिहिता येत न्हाई. घडलं ते लिहितो.

एकोणिसाव्या वर्षीच माझं डोकं पांढरं झालं. आजारानं न्हवं, आपोआप. वडील लवकर गेलेले, म्हणून घरात शब्द चालायचा चुलत्याचा. चुलता भोरात मिठाईच्या दुकानात जिलबी तळायचा. सणावाराला आमच्या गावी गुंजवण्याला यायचा आणि सगळ्यांना अक्कल शिकवून जायचा.

चोविसाव्या वर्षी मला उत्रोलीची मुलगी सांगून आली. तिला मी नसरापूरच्या बाजारात एकदा पाहिलेलं. विळ्याची धार बोटावर बघत ती लोहाराला तोंडावर खोटं पाडत होती. मला तीच हवी होती. अडचण एकच. माझं डोकं बघून तिच्याकडचे म्हणणार, हा बिजवर आहे, पहिली बायको लपवतोय.

मी म्हणालो, "हाय तसा बसतो. इचारलं तर खरं सांगतो."

"तुझं खरं कोण ऐकतंय?" चुलता म्हणाला. "माझ्या हातचा रंग आख्खं भोर खातंय. गप बस."

टिळ्याच्या दिवशी सकाळी त्यानं जिलबीत घालायचा रंग काढला, तव्याची काजळी मिसळली आणि सगळं गुळाच्या पाकात कालवलं. म्हणे पाकाशिवाय रंग धरत न्हाई. ते माझ्या डोक्याला थापलं आणि वर फेटा आवळला.

आता टिळ्याला मुलीचा बाप नवा फेटा बांधतो, त्यासाठी जुना उतरवावा लागतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढ्या अकलेच्या माणसाच्या ध्यानात आलं न्हाई.

फेटा निघेना. ओढून काढला तर थोड्या केसांसकट आला. केशरी ओघळ कपाळावरनं नाकावर उतरला, मानेवर मुंगळे फिरायला लागले. बायका पदरात हसल्या. मुलीचा बाप हसला न्हाई.

"बाजारात म्हातारा बैल असाच रंगवत्यात," तो म्हणाला. "ह्येचं कितवं लगीन?"

मी चुलत्याकडं बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "पोराचं थेर हाय पावणं. आमाला काय ठावं."

मी उठलो, सगळ्यांसमोर हंड्यातलं पाणी डोक्यावर ओतलं, चोळून रंग काढला. "म्या चोवीसचा. केस असंच हायती. पयली बायको न्हाई."

मुलीच्या बापानं माझा चेहरा नीट बघितला. "सकाळीच असा बसला असतास तर पोर दिली असती," म्हणाला, आणि नवा फेटा काखेत मारून गेला.

मी तसाच ओला न्हाव्याकडं गेलो. म्हणालो, "डोकं आणि मिशी, दोन्ही काढ."

मिशी आमच्यात घरचं वडीलधारं माणूस गेल्यावरच काढतात. न्हाव्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"चुलता."

"सकाळी तर बघितला."

"दुपारी गेला. काढ."

तसाच तुळतुळीत मी चुलत्याच्या गावातल्या दारावरनं दोनदा हिंडलो. त्यानं बघितलं, समजला. पुन्हा आम्ही बोललो न्हाई.

लगीन माझं पुढं दुसरीकडं झालं, पांढऱ्या डोक्यानंच. चुलता बरीच वर्षं जगला. खरंच गेला तेव्हा भावकी मला बोलवायला आली, न्हावी घाटावर बसलेला. मी मिशीवरनं हात फिरवला आणि सांगितलं, "त्यांच्या नावाची मागंच काढलीया."