लाल टाचणीचे नऊ दिवस

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीमागे पाटाचं पाणी झिरपून दलदल झाली होती. लोक तिला डबकं म्हणत, आणि मला त्याचा राग येई. नाशिक रोडच्या बँकेत माझी नोकरी. सुटीच्या दिवशी सकाळी गमबूट चढवून मी तिथल्या गवतात टाचण्या पाहत बसायची. टाचण्या म्हणजे चतुर या उडत्या किड्यांची नाजूक भावंडं. बहुतेक जणी बसल्या की पंख मिटून घेतात. काही वाहत्या पाण्याकाठीच राहतात, काही साचलेल्या पाण्यातल्या गवताच्या बुडाशी. त्या ओळखायच्या तर वाकावं लागतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सोसायटीने ती जागा मुरूम टाकून बुजवायची आणि तिथे गाड्या लावायच्या असं ठरवलं. मी बैठकीत उठून सांगितलं की इथे एक लालभडक टाचणी आहे, करंगळीच्या निम्मी. माझ्याजवळच्या कुठल्याही वर्णनात ती बसत नाही, म्हणजे ती नवी जात असणार. अध्यक्ष ओझरला विमानांच्या कारखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ, अंदाज त्यांना चालत नसे. महिनाभरात पुरावा आणा, तोवर मुरूम येणार नाही, असं ते म्हणाले. मी तोऱ्यात घरी आले.

टिपणं पुन्हा चाळली. भिंगाखाली पाहिलेल्या माझ्या सगळ्या लाल टाचण्या माद्या होत्या. नर एकही नाही. त्याच गवतात बारीक हिरव्या टाचण्यांचे नर मात्र ढिगाने. लाल टाचण्या या हिरव्यांच्याच माद्या तर नसतील?

मग मी हट्टालाच पेटले. चौदा लाल टाचण्या जाळीत अलगद धरल्या, प्रत्येकीच्या पंखावर बारीक पेनाने ठिपका दिला आणि सोडून दिल्या. बँकेत जाण्याआधी रोज पहाटे चिखलात. आता त्यांची रेशनकार्डंही काढ, म्हणून नवरा चिडवायचा. मध्ये परतीचा पाऊस झोडपून गेला आणि ठिपकेवाल्या दिसेनाशा झाल्या. तरी मी जात राहिले. नवव्या दिवशी एक सापडली. पंखावर माझाच ठिपका आणि अंग हिरवं.

वय वाढलं की लाल रंग जाऊन हिरवा येत होता. मी लेकीला आईहून वेगळ्या जातीची ठरवली होती. लाज वाटली, आणि रडूही आलं.

नवरा म्हणाला, "गप्प बस. सोसायटीतल्या कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मी म्हणाले.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि माझी चूक झाली, ही जात नवी नाही, असं स्पष्ट सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की नवी नसली तरी लालची हिरवी होईपर्यंत तिला हेच ओलं गवत लागतं, म्हणून ते राहू द्या. लोकांनी ऐकून घेतलं. मग अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूने दोनच हात होते, एक माझा आणि एक नवऱ्याचा. सोमवारी मुरूम आला.

खोटं बोलले असते तर ती जागा वाचली असती, हे मला आजही छळतं. पण मुरूम आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी स्कूटर काढली आणि पेठ रोडच्या भातखाचरांत, गुडघाभर चिखलात, लाल माद्या शोधायला उतरले.