दाजींचा उजवा डोळा

आमच्या लॉन्ड्रीत शिरलात की समोर काउंटर, काउंटरमागे मी, माझ्यामागे इस्त्रीचं टेबल आणि त्याच्याही मागे, खिडकीपाशी, एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर माझे दाजी बसतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने रफूवाले. आता ते बटणं लावतात. रफूवरून बटणांवर कसे आले ते सांगते, पण सांगताना माझा आवाज चढला तर माफ करा. मला अजूनही राग येतो.

भोक पडलेला कोट आला की दाजी आधी तो उलटा करायचे. आतल्या शिवणीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे आणि एक वरून, एक खालून असे भोकावर विणत बसायचे. काळ्या कापडावर काळा धागा सगळ्यात अवघड. काम झालं की नखाने घासायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि गिऱ्हाईक आलं की कोट त्याच्यापुढे टाकून एवढंच म्हणायचे, "शोधा." गिऱ्हाईक बोटं फिरवून फिरवून हात टेकायचं. मग दाजींच्या मिशीत जे हसू यायचं ना, त्यासाठी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहायची.

दाजी-मेहुणीचं नातंच मुळी चेष्टेचं. मी त्यांना सोडायची नाही आणि तेही मला सोडायचे नाहीत. "मेहुणीबाई, एकदा तुमच्या जिभेलाच रफू करायला हवं," म्हणायचे. पुढे पुढे ते स्टुलावरून सारखे उठायला लागले. सुई कापडात टोचून ठेवायची आणि मागे संडासात जाऊन यायचं, परत बसतायत तोवर पुन्हा उठायचं. मी काय गप्प बसणार होते? "दाजी, तिथे काय धन पुरून ठेवलंय?" इस्त्रीवाला खो खो हसायचा. दाजीही हसायचे. आज ते हसणं आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता. या वयात निम्म्या पुरुषांना होतो, लपवण्यासारखं त्यात काय आहे? पण दाजींनी कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. गुपचूप डॉक्टरांकडे गेले, गोळी आणली. मेडिकलवाला शहाणा माणूस. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं होतं: रोज एकच घ्यायची, रात्रीच्या जेवणानंतर, अख्खी गिळायची. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उठताना जरा सावकाश उठायचं, कारण हिने रक्तदाब उतरतो. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दाताच्या नाहीतर डोळ्याच्या, तरी ही चालू आहे हे आधी सांगायचं.

दाजींनी मान डोलावली आणि केलं नेमकं उलटं. रात्री जेवणानंतर घ्यायची तर ताईच्या समोर घ्यावी लागणार. म्हणून मग सकाळी, दुकानात, रिकाम्या पोटी, दोऱ्यांच्या डब्यातून काढून. मी काउंटरवर असले तर ती राहायची. काल राहिली म्हणून आज दोन. बरं वाटलं की बंद, त्रास झाला की पुन्हा सुरू. एवढा हिशेबी माणूस कापडाच्या बाबतीत, एक धागा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद.

घरी त्यांनी बाहेरच्या खोलीत झोपायला सुरुवात केली होती. "मी घोरतो, तुझी झोप मोडते," असं ताईला सांगितलं. खरं कारण हे की सारखं उठावं लागायचं, आणि दुसरं कारण त्याहून नाजूक. नवरा-बायकोच्या जवळिकीत त्यांना जमेनासं झालं होतं. तेही त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. एका फिरत्या विक्रेत्याने, कोट रफूला टाकताना, ओळखीच्या हक्काने एक गोळी हातावर ठेवली. "घ्या, जवान व्हाल." दाजींनी ती घेतली. प्रोस्टेटच्या दोन गोळ्यांच्या वर ती.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, फक्त मला तो कळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्टुलावरून झटकन उठले आणि जागच्या जागी कोसळले. टांगलेल्या कपड्यांचा दांडा धरायला गेले, तो दांडाच कपड्यांसकट अंगावर आला. मी आणि इस्त्रीवाल्याने त्यांना सुटांच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. चेहरा पांढराफटक. "नाश्ता केला नव्हता," म्हणाले. मी चहात साखर ढवळून दिली आणि वर सुनावलं, "उपास करायचं वय आहे का हे?" दोन्ही गोळ्यांनी मिळून रक्तदाब पार उतरवला होता. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हृदय तपासून, आधीची गोळी बघून, झेपेल एवढीच आणि झेपेल तेव्हाच दिली असती, किंवा स्पष्ट नाही म्हटलं असतं. मी हे शहाणपण नंतर ऐकलं. त्या दिवशी मी फक्त साखर घातली.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. काळ्यावरचा काळा धागा दिसेना. रफूवाल्याला दुसरी कसली भीती असणार? दाजी रात्रंदिवस तेच बोलायचे. "डोळा गेला तर मी काय करू गं? मला दुसरं येतं काय?" ताईच्या गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत, म्हणून दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकं भिंतीला लागून होती, आणि नर्सबाई सगळ्यांदेखत एकेकाला प्रश्न विचारत होत्या. दाजींची पाळी आली. साखर? नाही. रक्तदाब? नाही. हृदयाचं काही? नाही. "लघवीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत? किंवा पूर्वी कधी घेतल्यात?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय करावं तर हसले. मुद्दाम नाही, सवयीने. आमचं ठरलेलंच होतं ना तसं.

"छे छे," दाजी म्हणाले. "तसलं काही नाही."

आदल्या आठवड्यापासून त्यांनी गोळी बंद ठेवली होती. प्रश्नातलं 'पूर्वी कधी' सोडून दिलं तर आपण काही अगदीच खोटं बोललो नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ही समजूत किती महागात पडली ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. त्या गोळीने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. गोळी आठवडाभर बंद केली म्हणून तो पुन्हा ताठ होत नाही. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत राहतात, त्या पडद्याला आधार द्यायची साधनं हाताशी ठेवतात, आणि ऑपरेशन बहुतेक व्यवस्थित पार पडतं. दाजींच्या वेळी ती तयारी नव्हती. ऐन ऑपरेशनमध्ये बाहुली आक्रसली, पडदा फडफडत पुढे आला आणि फाटला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं. घरचं माणूस ना मी! मला सगळं ठाऊक! त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग मला आत बोलावलं तेव्हा दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बसमधून घरी जाताना एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा डोळा खिडकीबाहेर, असे दाजी मला सगळं सांगत गेले. गोळी, दोऱ्यांचा डबा, तो विक्रेता, सगळं. मी भडकले. भर बसमध्ये म्हणाले, "दाजी, नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मला म्हणायचं होतं ना, जा जरा पाणी पिऊन ये! मी गेले असते की!"

"तू हसली असतीस," ते म्हणाले.

 

डोळा गेला नाही, पण कामाचा राहिला नाही. बाहुली गोल राहिली नाही. दिव्याकडे बघितलं की उजेड पसरतो, खिडकीशी बसलं की डोळ्यातून पाणी येतं, आणि एका बारीक धाग्याचे दोन दिसतात. त्यांनी एकदा हट्टाने एक काळा कोट घेतला. झाल्यावर गिऱ्हाइकापुढे टाकला, पण "शोधा" म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकाने शोधलंही नाही. लांबूनच दिसत होतं. त्यानंतर त्यांनी स्वतःच बटणांचा डबा ओढून घेतला.

ताईला त्यांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. वाटलं, ती चिडेल, रडेल. ती पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते." दाजींनी तोंड झाकून घेतलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आता गोळी जेवणानंतर ताईच देते, एकच, आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. उठताना हात पुढे करते. हे सगळं तेव्हाही होऊ शकलं असतं, हे तिच्याही मनात येत असणार. 

मग डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला. उरलासुरला डोळा तोच. दाजी आठवडाभर नीट जेवले नाहीत. पुन्हा तोच दवाखाना, तीच बाकं, आणि आमच्या नशिबाने त्याच नर्सबाई. या वेळी मी आधीच उठले. "दाजी, मी पाणी पिऊन येते."

"बस खाली," ते म्हणाले. "ऐक."

मी बसले. साखर, रक्तदाब, हृदय झालं. नर्सबाईंनी तो प्रश्न विचारला. दाजींनी घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला, आणि बाकावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हो. प्रोस्टेटची गोळी चालू आहे. बरीच वर्षं. मध्ये बायकोसाठी म्हणून दुसरीही एक घेतली होती, न विचारता. आता घेत नाही."

कुणी हसलं नाही. शेजारचा माणूस मोबाइलमध्ये होता, पलीकडची बाई पिशवीत चष्मा शोधत होती. नर्सबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "बरं," म्हणाल्या, लिहून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

ते ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरबाई तयारीत होत्या. डावा डोळा आता चांगला आहे, पण पडदा फाटलेल्या डोळ्यातला उजेड मध्ये येतो आणि काळ्यावरचा काळा धागा काही परत आला नाही. दाजी बटणं लावतात, आणि छान लावतात.

त्या दिवशी उत्तर लिहून घेऊन नर्सबाई पुढच्या माणसाकडे वळल्या. दाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मेहुणीबाई, त्या वेळीही ती एवढंच म्हणाली असती का गं? नुसतं बरं?"

आयुष्यात त्यांच्या एकाही बोलण्याला मी उत्तर द्यायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी मी फक्त त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं त्या बाकावर बसून राहिलो.