चित्राखालचं नाव

वाल्बुर्गा हिंटरमायर, म्हणजे आमची बुर्गलमावशी, आमच्या ओबरलिंडाख गावात उन्हाळ्याला येणाऱ्या पाहुण्यांचे कपडे धुवायची. १९११ साली म्युनिकहून आलेला एक चित्रकार गाडीवानाच्या माडीवर राहिला. त्याच्या चादरी रंगाने माखलेल्या असत. मावशी त्याच्यावर करवादायची आणि तो तिला समोर बसवून तिचं चित्र काढायचा. चित्र पुरं झालं तेव्हा तिचा चेहरा हिरवा होता, केस निळे, आणि मागचा डोंगर पेटल्यासारखा तांबडा.

"मी काय बेडूक आहे?"

"भर उन्हात हंड्यापाशी उभं राहिल्यावर तुम्हाला कसं वाटतं, ते काढलंय."

मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हं, तसंच वाटतं. पण नाव कुठाय?"

आमच्या चर्चमध्ये नवसाची चित्रं टांगलेली आहेत. आजारी गाय उठली, बुडणारं पोर वाचलं, की मेरीमातेपुढे चित्र लावायचं आणि त्याखाली नाव, गाव, साल घालायचं. बिननावाचं चित्र पोचणार कुणाला? चित्रकार हसला आणि त्याने ठळक अक्षरांत सगळं लिहिलं. पुढे तो युद्धात मेला. चित्र कुठल्याशा संग्रहालयात आहे, एवढंच कानावर आलं.

चित्र काढलं त्याच्या पुढच्या वर्षी मावशीला मुलगी झाली, ओटिली. लहानपणी तापात तिला दोनदा झटके आले होते. गावाला ते ठाऊक होतं, आणि गाव ते विसरलंही होतं. १९३७ च्या उन्हाळ्यात ओटिलीचं सुतार कोर्बिनियानशी ठरलं. घराण्यात वेड किंवा फेफरं नाही, असा आरोग्य कार्यालयाचा दाखला मिळाल्याशिवाय लग्न लागत नसे. तेवढाच बाकी होता. तसं काही निघालं, तर पुढे मूल होऊ नये म्हणून रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करत.

त्याच जुलैत सरकारने त्याच्यासारख्या नव्या चित्रकारांची चित्रं संग्रहालयांतून काढून म्युनिकला मांडली, लोकांनी हसावं म्हणून. प्रवेश फुकट. मास्तरांनी गावातून बस नेली, तीत मीही होते. अरुंद खोल्या, दाटीवाटीने लावलेली चित्रं, भिंतींवर वाकड्यातिकड्या अक्षरांत टोमणे. तिसऱ्या खोलीत भिंतीवर मावशी होती. शेजारी लिहिलं होतं: रोगट डोळ्यांना दिसलेली जर्मन बाई. आमची माणसंही पोट धरून हसली. मग मास्तरांनी खालची ओळ मोठ्याने वाचली.

"वाल्बुर्गा हिंटरमायर, ओबरलिंडाख."

हसणं थांबलं. त्या शांततेची मला हसण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

परतताना खाटकाची बायको रोसिना म्हणाली, "काही असल्याशिवाय का कुणी असं काढतं? आणि त्या पोरीला झटके यायचे ना?"

"तापात, रोसिनाकाकू. दोनदाच," मी म्हणाले.

"म्हणजे आले होते."

आठच दिवसांत मावशीला आरोग्य कार्यालयाचं बोलावणं आलं. माझ्या दंडाला धरून ती चालत होती. वाटेतच तिने ठरवलं होतं, चित्राशी संबंध तोडायचा.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे. टेबलावर वर्तमानपत्रात छापलेलं ते चित्र होतं.

"या तुम्हीच ना, हिंटरमायरबाई?"

"नाव माझं आहे, चेहरा नाही. माझं तोंड असं कधीच नव्हतं. तो माणूस वेडा होता, डॉक्टरसाहेब. ठार वेडा."

त्या चित्राला तिने वाईट म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"वेडा होता. आणि तुमच्याकडे यायचा?"

"कपडे द्यायला."

"रोज?"

"त्या उन्हाळ्यात... हो."

त्यांनी समोरचा कागद उलटला. "मुलगी बारा सालच्या एप्रिलमधली."

मावशीला कळायला क्षणभर लागला. मग ती उभी राहिली. "ओटिली माझ्या नवऱ्याची आहे!"

"बसा ना, बाई," ते म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं.

सप्टेंबरात आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. ओटिलीने सोमवारी सकाळी जिल्ह्याच्या रुग्णालयात एकटीने यावं, रात्री घालायचे कपडे आणि टॉवेल सोबत आणावा. कोर्बिनियानने ते उंबऱ्यात उभ्याउभ्याच वाचलं.

"दाखला मिळाला की कळवा," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

"तपासणीच असेल ना गं, आई?" ओटिलीने विचारलं.

मावशी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. यायचा दिवस, वेळ, खोलीचा नंबर, सगळं त्यात होतं. परत कधी सोडणार, ते कुठेच नव्हतं.