ओल्या रंगाची रेसर

तात्या सायकलच्या रंगवलेल्या नळीवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि रंगवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "नखानं निघतोय त्यो रंग न्हवं, मास्तर. पावडर हाय."

मास्तर म्हणजे मी. बारामतीत गणित शिकवतो. इंदापूरच्या भंगारातून एक जुनी रेसर सायकल उचलली आणि स्वस्तात नवी करायला काटेवाडीला, सायकली रंगवणाऱ्या तात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिकवतात, पण आधी सोलतात. मी गेटचा उरलेला ऑइलपेंट नेला, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "सायकल रंगवायची का कुंपण?" माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, घर इकून टाका, पण ह्यांना रंगवायला सांगू नका."

मग शुगरनं तात्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. पाऊल काढायचं ठरलं. तरुणपणी शर्यती मारलेली त्यांची रेसर शेडच्या कोपऱ्यात गंजत होती.

"पाय जायच्या आधी एकदा चालवायची," म्हणाले. काम मला दिलं. "दुसरं कोण रिकामं हाय?"

ते डब्यावर पाय ठेवून बसायचे, मी घासायचो. शेवटचा हात मी खालचा थर वाळायच्या आत मारला. सकाळी सगळा तांबडा रंग सायीसारखा सुरकुतलेला. पुन्हा खरवडायला वेळ नव्हता, दवाखान्यात उद्याच जायचं होतं.

तात्यांनी निरखून पाहिलं. "हुबेहूब माझं थोबाड काढलंय. बसवा मला."

डावं पाऊल पायडलवर टिकेना. "पायडलचा पट्टा आवळा."

मी हलकेच ओढला.

"आणखी. त्याला आता काय कळतंय?"

कालव्याच्या कडेनं ते पाठ वाकवून गेले, उसाच्या ट्रॉलीला मागं टाकून. वळणावर डावीकडे कलले. टेकवायला पाऊल सुटलंच नाही. थेट उसात आडवे.

ट्रॅक्टरवाल्यानं उडी मारली. "तात्या, लागलं का?"

"मला न्हाय. मास्तरांना इचार. त्यांचा रंग गेला."

दवाखान्यात डॉक्टरांनी पावलावरचा वळ बघून विचारलं, "हे कुणी बांधलं?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी. जल्मात एवढंच घट्ट जमलं."

आधी पाऊल काढलं, मग गुडघ्यापर्यंत, मग तात्याच गेले.

ते पडले तिथल्या चार-दोन उसांना माझा ओला रंग लागला होता. तोड आली तेव्हा ते ऊसही मोळीत बांधून कारखान्याला गेले. त्यांचीही साखर झाली असेल.