डब्यातली अक्कल

माझी जाऊ बीसीए झालेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात कोणतीही गोष्ट इथूनच सुरू होते. तिच्या चहात साखर कमी पडली की सासूबाई म्हणतात, राहू द्या, शिकलेली पोरगी आहे. माझ्या चहात कमी पडली की म्हणतात, "लक्ष कुठं असते तुहं?" मी बारावी.

मंगरुळात बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. मालक म्हणजे माझा नवरा, तो लग्नाचे फोटो काढतो. दीर व्हिडिओ काढतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर. अल्बम लावायचं काम मी मालकांच्या पाठीमागे उभी राहून शिकले, कोणी शिकवलं नाही.

पण स्टुडिओत माझी खरी जागा अल्बमची नव्हती. आमच्याकडे माणूस गेलं की घरचे लोक दोनतीन दिवसांत स्टुडिओत येतात. हार घालायला फोटो पाहिजे असतो आणि घरात फोटो नसतो. म्हातारी माणसं आपणहून कधी फोटो काढायला येत नाहीत, ती दुसऱ्याच्या लग्नात सापडतात. अक्षता टाकताना, मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली, पंगतीत जेवताना. तेरवी असो की पुण्यानुमोदन, लेक काउंटरवर येऊन आधी विचारायचा, "ताई हायेत का?" मी बाहेर आले की मग बोलायचा. "आमचा बुढा गेला. भाच्याच्या लग्नात आला होता, तुमीच फोटो काढले होते."

मला एवढं पुरायचं. तो हिरवा मांडव, घोड्यावरून उतरताना ज्याचा फेटा पडला तो नवरदेव. फोल्डर उघडून मी बुढा समोर ठेवायची. तोंडात घास असला तर तोंड मिटवायची. डोळे मिटले असले तर दुसऱ्या फोटोतले डोळे आणून बसवायची. मागचा बुंदी वाढणारा पुसून तिथं निळा पडदा टाकायची. लेक फोटोकडे पाहून रडायचा, मग माझ्याकडे पाहून हात जोडायचा. मालकांना कधी कोणी हात जोडले नाहीत. मला जोडायचे. घरात मला जे मिळालं नाही ते त्या काउंटरवर मिळायचं, आणि ते मला कोणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

हे सगळे फोटो एका काळ्या डब्यात राहायचे. आत दोन हार्ड डिस्क. जे एकीवर लिहिलं जाई तेच दुसरीवर, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. ते लिहिण्याचं काम डबा स्वतःच करायचा, कॉम्प्युटरला त्यात काही पाहावं लागत नव्हतं. याला हार्डवेअर रेड म्हणतात हे मला जाऊ आल्यावर कळलं. तोवर तो आमचा डबा होता, आणि दसऱ्याला कॅमेऱ्यांसोबत त्यालाही हळदकुंकू लागायचं.

एका सकाळी डब्याचा दिवा लागला, पण कॉम्प्युटरवर काही दिसेना. मालकांनी वायर काढून लावली, डबा हलवला, फुंकर मारली. मी म्हटलं, डिस्का दोन आहेत ना, एक काढा आणि सरळ लावा. लावली. कॉम्प्युटर म्हणे ही डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का. मी माउसला हात घातला तशी जावेनं माझं मनगट धरलं.

"ताई, हात नका लावू. सगळं पुसून जाते."

सगळ्यांसमोर मनगट धरलं. बरोबर होतं तिचं, पण धरलं.

मग तिनं समजावून सांगितलं. डिस्का दोन्ही धडधाकट होत्या. पण त्यांच्यावर लिहायची रीत त्या डब्याची होती, ती दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. डबा मेला म्हणून डिस्का मुक्या झाल्या. "सगळी अक्कल एकट्या डब्यात ठेवली होती, ताई," ती म्हणाली. "असं नसते ठेवायचं. तो गेला की सगळेच बसते हातावर हात धरून."

ती डब्याबद्दल बोलत होती. मला ते डब्याबद्दल वाटलं नाही.

तसलाच डबा आता बाजारात मिळत नव्हता. तिनं कुठं कुठं फोन केले आणि अकोल्याच्या एका स्टुडिओच्या अडगळीतून हुडकून काढला. त्यात आमच्या डिस्का घातल्या आणि सगळी लग्नं जशीच्या तशी उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. आणि मालक, ज्यांनी माझ्या अल्बमला आजवर 'बरा आहे' याच्यापुढं शब्द काढला नाही, ते म्हणाले, "पोरीनं स्टुडिओ वाचवला." मी चहा ठेवायला आत गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. साखर मी मुद्दाम जास्त टाकली.

एवढ्यावर थांबेल तर ती कसली. म्हणे हा जुना डबाही भरवशाचा नाही, आता सॉफ्टवेअर रेड करू. सगळं एका नव्या मोठ्या डिस्कवर उतरवायचं, या दोन्ही पुसायच्या आणि साध्या डब्यात घालायच्या, ज्याला स्वतःची काही अक्कल नाही. दोन्हीवर लिहायचं काम कॉम्प्युटर करेल. उद्या डबा फुटला तर डिस्का दुसऱ्या कोणत्याही डब्यात घाला, कॉम्प्युटर बिघडला तर दुसऱ्याला लावा, वाचता येते. "कोणा एकावर अडून राहायचं काम नाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. न हलवून काय करते.

उतरवायला बरेच दिवस लागणार होते. "तोवर तुमी माह्याजवळ बसा ताई," ती म्हणाली. "कोणतं लग्न कोणाचं, कोणता माणूस कोण, तुमी सांगत जा, मी चेहऱ्याखाली नाव टाकत जाते. मंग कोणाचाही चेहरा दाखवला की कॉम्प्युटरच हुडकून देते."

म्हणजे डब्यातली अक्कल काढून झाली, आता माझ्या डोक्यातली. मला नाही म्हणायचं होतं. पण काय कारण सांगू? स्टुडिओच्या भल्याचं होतं. बसले. आधी मी तोंड वाकडं करून एकएक शब्द टाकायची. पण ती पोरगी इतकी नीट विचारायची, आणि विचारून असं लक्ष देऊन ऐकायची, की मी बोलत सुटायची. हा त्या घरचा मामा, रुसून मांडवाबाहेर बसलेला. ही मावशी, धनजची, हिच्याशिवाय यांच्याकडे हळद लागत नाही. सांगताना मजा यायची आणि उठले की राग यायचा. स्वतःचाच यायचा आधी, मग तिचा.

शेवटी जुन्या डिस्का पुसायचा दिवस आला. सगळे भोवती उभे. तिनं माउस माझ्याकडे सरकवला. "ताई, तुमी मोठ्या. तुमीच करा." मान देत होती की माझ्याच हातानं करवून घेत होती, मला आजही कळलं नाही. मी बटण दाबलं.

त्यानंतर माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी अनसिंगला माहेरी गेले. एरवी माहेरी गेले की रोज फोन यायचा. अमक्याचा बुढा कोणत्या लग्नात आहे, तमकी बुढी कुठं सापडेल. या वेळी फोन मुका. मी तो चार्जिंगला लावून उशाशी ठेवायची, पोळ्या करताना ओट्यावर ठेवायची. डोळ्यावर पट्टी बांधलेली माझी आई म्हणाली, "कोणाच्या फोनची वाट पाहून राह्यली व? दर घडीले उचलतं." पट्टीतूनही दिसलं तिला. शेवटी मीच मालकांना लावला, दळण आणलं का म्हणून विचारलं. आणलं होतं. सगळं ठीक होतं.

परत आले तर काउंटरवर एक फ्रेम तयार होऊन पडली होती. आसेगावची एक बुढी. मी ओळखली, हिला मी दोन लग्नांत तरी पाहिलं होतं.

"ही कवा गेली?" मी जावेला विचारलं.

"परवा. तिच्या लेकाजवळ आधार कार्डाचा फोटो होता मोबाइलवर. तो टाकला, लगेच सापडली. चार लग्नात होती बुढी."

"मले फोन काहून नाही केला?"

"गरजच नाही पडली, ताई. तुमी मायची सेवा करून राह्यल्या होत्या, कायले तरास द्यायचा?"

मी फोटोत खोट शोधली. नव्हती. डोळे बसवलेले नव्हते, तोंड मिटवलेलं नव्हतं. बुढी चक्क हसत होती. चारपैकी मला दोन लग्नं माहीत होती, त्या दोन्हीत ती हसत नव्हती. तेवढ्यात तिचा लेक फ्रेम न्यायला आला. फोटोकडे पाहून रडला आणि जावेला हात जोडले. मी बाजूलाच उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, जरा पाणी देता का?"

दिलं पाणी. रिकामा पेलाही मीच उचलून ठेवला.

दुपारी जाऊ जेवायला घरी गेली तशी मी कॉम्प्युटरसमोर बसले. मोबाइलवर माझा एक फोटो होता, आधार कार्डाचाच, तो टाकला. म्हटलं पाहू, मला कुठं हुडकतो. इतक्या वर्षांची लग्नं, पण मी कुठं होते? मी आतल्या खोलीत होते. माझं स्वतःचं लग्न डब्याच्या आधीचं, ते त्यात नव्हतंच. मी सापडले फक्त एका लग्नात, जावेच्या. सगळे फोटो तिथलेच. ती पाटावर आणि मी मागं तिचा शालू सावरत. ती हार घालते आहे, मी बाजूला ताट धरून. आणि एकाही फोटोत मी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. सगळ्यांत तिच्याकडे पाहते आहे. असे डोळे करून, की पाहणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

प्रत्येकाखाली तिनं लिहिलं होतं, ताई. हे फोल्डर आलं तेव्हा तिनं मला काही विचारलं नव्हतं, एकटीनंच भरलं होतं. म्हणजे एकेक फोटो उघडून पाहिला होता. आणि एकही काढून टाकला नव्हता.

मला आधी लाज वाटली नाही, भीती वाटली. उद्या मी गेले तर माझ्या तेरवीला यातलाच एक लावतील. हार घालतील, उदबत्ती लावतील, आणि मी हारातून जावेकडे डोळे वटारून पाहत राहीन. निळा पडदा टाकला तरी डोळे तेच.

ती कधी येऊन मागं उभी राहिली मला कळलं नाही. हसली नाही. नुसती म्हणाली, "यातला एकबी चांगला नाही, ताई."

"मंग काढ एक चांगला," मी म्हटलं.

मी केस चापून घेतले, पदर नीट केला आणि पडद्यासमोर स्टुलावर बसले. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. "इकडं पाहा, ताई. माह्याकडं."

मी पाहिलं. मनापासून चांगलं पाहायचा प्रयत्न केला. तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मोठा करून दाखवला. पदर चांगला आला होता. केस चांगले आले होते. डोळे तेच होते.

तिनं विचारलं, "ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.

नव्या डब्याचे दोन डिस्कांचे दोन दिवे एकदम लुकलुकले. आता एक डिस्क गेली तरी तो फोटो जात नाही.