रेघेच्या दोन बोटं पुढे

कुठल्याही ग्रुपचे किस्से एका दिवसात जमत नाहीत. सुरुवातीला ते नुसते अपमान असतात. मग जरा काळ जातो, चार वेळा चहावर सांगून होतात आणि त्यांचे किस्से बनतात. आमच्या महाड-पोलादपूरच्या स्की ग्रुपकडे असा साठा भरपूर आहे, आणि त्यातले निम्मे माझ्या नावावर आहेत.

हो, स्की. कोकणातली माणसं बर्फावर काय करतात, असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. आम्ही सातजण मुळात डोंगर चढणारे. काही वर्षांपूर्वी हिमाचलात एका कोर्सला गेलो, पायाला त्या लांब पट्ट्या लावून उतारावरून घसरलो आणि बिघडलो. तेव्हापासून दर फेब्रुवारीत आठ दिवस मनालीच्या वर, आणि उरलेलं वर्षभर त्या आठ दिवसांच्या गप्पा.

या गप्पांत एक माणूस सारखा येणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. गुरुजी. उमरठचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, माझ्याच वयाचे. माणूस फार चांगला आहे. मला त्यांचा भयंकर हेवा वाटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

* * *

पहिला कोर्स, पहिला दिवस. मी दोन महिने आधीपासून मोबाइलवर स्कीचे व्हिडिओ बघून गेलो होतो. गुडघे कसे वाकवायचे, काठी कुठे टेकायची, सगळं पाठ. जेवायच्या सुट्टीपर्यंत अकरा वेळा पडलो.

गुरुजींनी एकही व्हिडिओ पाहिला नव्हता. ते उभे राहिले, खाली बघितलं आणि सरळ उतरून गेले.

आमचे इन्स्ट्रक्टर ठाकूरजी, तिकडचेच, मोजकं बोलणारे. ते गुरुजींजवळ गेले. "मास्टरजी, पहले कहाँ सीखा?"

"उमरठ में," गुरुजी म्हणाले.

ठाकूरजींनी जरा विचार केला. "कश्मीर में पड़ता है?"

नंतर चहा पिताना उलगडा झाला. आमच्याकडे दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं की उतार असा गुळगुळीत होतो की पाय ठरत नाही. लहानपणी आम्ही सगळेच गोणपाटावर बसून त्यावरून घसरलोय. पण गुरुजी म्हणाले, "बसून घसरलं की चड्डी फाटायची, मग आई बडवायची. म्हणून मी उभ्यानंच घसरायचो."

माझ्या आईने मला कधी बडवलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

गुरुजींची एकच खोड ठाकूरजींना सापडली. गवतावर मागे रेलून घसरायची सवय, त्यामुळे अंगाचा भार कायम टाचेवर. "मास्टरजी, आगे झुको," एवढं एकच वाक्य ते त्यांना दरवर्षी ऐकवायचे. मला ऐकवायला त्यांच्याकडे पुष्कळ वाक्यं होती.

* * *

घरी आल्यावर बायकोला व्हिडिओ दाखवला.

"हे गुरुजी ना? काय छान वळतात हो," सुनंदा म्हणाली. "आणि मागे कोपऱ्यात ते पडलेलं कोण?"

"मी."

तिने व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा गुरुजींचं वळण पाहिलं.

* * *

आता मुख्य भानगड. आम्ही सगळे तिकडच्या भाड्याच्या स्की वापरायचो. कडा बोथट, बूट सैल, एक स्की लाल तर दुसरी निळी. आणि एक दिवस पोलादपूरला शिंदेकाकांच्या मेडिकल स्टोअरमध्ये एक लांबलचक खोकं येऊन पडलं.

शिंदेकाका आमच्यातले सगळ्यात थोरले. त्यांचा जावई ऑस्ट्रियात असतो. त्याने सासऱ्यासाठी कोरी करकरीत जोडी पाठवली होती. ऑल-माउंटन, म्हणजे यंत्राने दाबलेल्या कडक बर्फावरही चालणारी आणि नव्या भुसभुशीत बर्फावरही. लांबी एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. बूट पकडून ठेवणारे खटके, ज्यांना बाइंडिंग म्हणतात, ते वेगळ्या पुठ्ठ्याच्या डब्यात. स्कीला अजून एकही भोक पाडलेलं नव्हतं.

काकांचा गुडघा त्याच पावसाळ्यात कामातून गेला होता. ते म्हणाले, "मला आता काय उपयोग रे. ज्याच्या मापाला बसंल त्यानं न्या."

मी त्या जोडीकडे बघितलं आणि मला ती हवीच होती. लग्न ठरताना झालं नव्हतं इतकं धडधडायला लागलं.

जुना ठोकताळा असा की स्की उभी धरली की तिचं टोक हनुवटी आणि कपाळ यांच्या मध्ये यावं. महिन्याभराने सगळे दुकानात जमलो तेव्हा काकांनी स्की आळीपाळीने एकेकाजवळ उभी केली. गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध घ्यायची थांबून बघत होती. टोक माझ्या बरोबर भुवईशी आलं. गुरुजींच्या थेट टाळूला टेकलं. म्हणजे जोडी माझीच. मी हात पुढे केलासुद्धा होता.

"थांब, जावयाला विचारू," काका म्हणाले आणि व्हिडिओ कॉल लावला.

जावई म्हणाला, "उंचीवर जाऊ नका. ती अंदाजापुरती. स्की वाकवतं ते वजन. आणि माणूस स्पीड किती घेतो ते महत्त्वाचं. वजन सांगा प्रत्येकाचं."

इथे थोडं मागे जावं लागेल. त्या वर्षी मी ग्रुपमध्ये डाएट जाहीर केलं होतं. भात बंद, साखर बंद, आणि दर आठवड्याला मी वजनाचा आकडा ग्रुपवर टाकायचो. तो आकडा उतरत उतरत चौसष्टवर आला होता. मी एक्क्याऐंशीवरच होतो. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

"चौसष्ट," मी म्हणालो.

"मग ही लांब होईल तुम्हाला," जावई म्हणाला. "वाकणारच नाही, तुम्हालाच ओढत नेईल. पुढचे?"

"चौऱ्याहत्तर," गुरुजी म्हणाले. "जेवण चांगलं हाय माझं. आणि स्पीडचं म्हणाल तर थांबायचंच विसरतो मी."

"झालं तर मग. तुम्हीच घ्या."

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. "चौसष्ट?" ती म्हणाली. "ते लग्नातलं झालं. खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी त्या रात्री भात खाल्ला. दोनदा वाढून घेतला.

* * *

भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे, आणि घरामागच्या पडवीत माझं स्वतःचं वर्कबेंच आहे. म्हणजे जोडी त्यांची आणि घाम माझा.

रविवारी मी आणि गुरुजी ती जोडी घेऊन पोलादपूरहून महाडच्या एसटीत चढलो. गाडी भरलेली. कंडक्टर ओरडला, "ओ, हे काय पालखीचे दांडे आणलेत का? गाडीत नाय चालणार." मग त्याने मागे उभ्या गुरुजींना पाहिलं आणि एकदम सरळ झाला. तो त्यांचा चौथीतला विद्यार्थी निघाला.

"गुरुजी, तुम्ही माझ्या सीटवर बसा. ह्या मी धरतो."

गुरुजी बसले. स्की कंडक्टरने धरल्या. मी महाडपर्यंत उभा.

* * *

माउंट करणं, म्हणजे स्कीवर बाइंडिंग बसवणं, ही तशी सोपी गोष्ट आहे. स्कीच्या कडेला कंपनीने एक बारीक रेघ मारलेली असते. बुटाच्या तळव्यालाही बरोबर मध्यावर रेघ असते. दोन्ही रेघा जुळवायच्या, तिथे बाइंडिंगचा कागदी नकाशा चिकटवायचा, आणि भोकं पाडायची. एकदा पडली की पडली. आणि ती ज्याच्या बुटाच्या मापाने पडली त्याचीच स्की.

गुरुजी बूट ठेवून शाळेच्या कामाला निघून गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, तुमच्या हातात दिलंय म्हंजे मला बघायला नको."

दुपार होती. पडवीत मी एकटा. स्की शिकंज्यात धरलेली, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण केलेली. सगळं बिनचूक. मी महिनाभर याच विषयावर वाचलं होतं, कारण ती जोडी माझी होणार अशी माझी खात्री होती. बाइंडिंग रेघेच्या पुढे गेलं तर काय होतं हेही वाचलं होतं. स्कीचं नाक आखूड पडतं. भुसभुशीत बर्फात ते खाली घुसतं आणि माणूस तोंडावर जातो.

त्यांचा पाय मोडावा असं माझ्या मनात अजिबात नव्हतं. खटका सुटायचा तिथे सुटेल एवढं मी नीट तपासलं. फक्त एकदा, सगळ्यांसमोर, ठाकूरजींच्या देखत, हा माणूस तोंडावर पडावा. बस. एवढं मला हवं होतं, आणि ते हवं असल्याची लाजही वाटत नव्हती.

मी कागद दोन बोटं पुढे सरकवला आणि भोकं पाडली.

* * *

फेब्रुवारी. पहिला दिवस, दाबलेला कडक बर्फ. मी उताराच्या मध्यावर थांबून वर बघत होतो.

गुरुजी निघाले. आणि काय वळले! एकामागून एक छोटी, गोल, चटचट वळणं. टाचेवर भार टाकायची त्यांची सवय होती ना, त्यावर पुढे सरकलेला बूट म्हणजे नेमका उतारा पडला. इतकी वर्षं ठाकूरजींच्या सांगण्याने जे झालं नव्हतं ते माझ्या दोन बोटांनी केलं.

ठाकूरजींनी त्यांना थांबवलं, खाली वाकून स्की बघितली. "किसने लगाया है ये?"

गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आमचे भाऊ."

ठाकूरजी माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. "आप समझते हैं, मास्टरजी कैसे खड़े होते हैं. बहुत कम लोग ये देखते हैं."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने केलेलं हे माझं एकमेव कौतुक. त्या दिवशी जेवणं होईपर्यंत ग्रुपमधल्या तिघांनी मला विचारून ठेवलं, "आम्ही स्की घेतल्या तर आमच्याही तूच माउंट करशील ना?"

मी म्हणालो, बघू.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बाहेर ताजा, भुसभुशीत, मांडीपर्यंत बर्फ. मला इतका आनंद झाला की मी स्वतःहून सगळ्यांसाठी चहा आणला.

आणि झालं, अगदी वाचलं होतं तसंच झालं. गुरुजी तिसऱ्या वळणावर गेले, स्कीचं नाक खाली घुसलं, खटके सुटले आणि गुरुजी डोक्यापासून कमरेपर्यंत बर्फात. वर फक्त दोन बूट.

सगळे धावले. पुण्याच्या एका बॅचमधल्या दोन डॉक्टर बायकाही धावल्या. गुरुजींना ओढून बाहेर काढलं तर मिशीला बर्फ, आणि असे हसतायत की त्यांना बोलता येईना. मग सगळेच हसायला लागले. त्या बायकांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. तो बर्फाच्या मिशीचा फोटो अजून आमच्या ग्रुपचा डीपी आहे.

त्याच उतारावर पाच मिनिटांनी मीही पडलो. माझी भाड्याची स्की शोधायला पाऊण तास लागला. शोधायला मी आणि गुरुजी असे दोघंच होतो.

* * *

यंदा गणपती झाल्यावर एका रविवारी गुरुजी माझ्या घरी आले. खांद्यावर लांब खोकं.

"काकांच्या जावयानं आणखी एक जोडी पाठवली," ते म्हणाले. "त्याची स्वतःची होती, वापरलेली, पण बाइंडिंग काढून, जुनी भोकं बुजवून दिलीत. तुमच्यासाठी मागवली."

मी खोकं उघडलं. एकशे शहात्तर.

"ही लांब होईल मला," मी म्हणालो. चौसष्ट किलोच्या माणसाने असंच म्हणायला हवं होतं.

"नाय होणार," गुरुजी म्हणाले. "वजन खरं सांगितलं मी जावयाला. एक्क्याऐंशी. वैनींना विचारून घेतलं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला.

इतकी वर्षं हवी होती तशी स्वतःची जोडी माझ्या वर्कबेंचवर होती, आणि ती ज्याने आणली त्याच्याकडे मला बघवत नव्हतं. मी स्की शिकंज्यात धरली, बूट आणला, कागद शोधायला लागलो. गुरुजी कडेची कंपनीची रेघ बघत होते. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला. मग अंगठ्याच्या पुढे दोन बोटं ठेवली. सावकाश, मापून.

"माझ्या स्कीवरबी अशीच रेघ हाय," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बूट घालताना दिसली."

सुनंदाने आतून विचारलं, "गुरुजी, चहा टाकू ना?"

"टाका वैनी, साखर जरा जास्त." मग त्यांनी माझ्या हातातून ड्रिल घेतलं. "सरा बाजूला, भाऊ. यंदा भोकं मी पाडतो."

"गुरुजी," मी म्हणालो, "रेघेवरच ना?"

त्यांनी एक डोळा मिटून स्कीवरून नजर फिरवली, मग मला पायांपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"बघू," ते म्हणाले. "तुम्ही कसे उभे राहता ते मलाबी ठाऊक हाय."

आणि ड्रिल सुरू केलं.