खडीच्या रस्त्यावर अण्णा

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थपासून गाडीने अर्धा तास गेलं की डांबर संपतं आणि खडीचा रस्ता सुरू होतो. तिथे एक जुना लाकडी हॉल आहे. गावाचा हॉल म्हणतात, पण गाव कुठे दिसत नाही. लांब लांब पसरलेली फार्म्स, मेंढ्या, आणि एकीमागून एक टेकड्या. हॉलसमोर मी गाडी लावतो, मागच्या रॅकवरून ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीवर चालवायची सायकल, काढतो आणि अडतीस किलोमीटरची फेरी मारून परत तिथेच येतो.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखीच, फक्त टायर जाड, आणि त्यांत हवा जरा कमी ठेवायची, म्हणजे खडीवर चाक उड्या मारत नाही. मी हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. तिथल्या एका इंग्लिश डॉक्टरने मला हे वेड लावलं. त्याला या टेकड्या थेट त्याच्या घराकडच्या वाटायच्या. "फक्त आमच्याकडे दर दोन मैलांवर चहा मिळतो," म्हणायचा. तीन उन्हाळे आम्ही बरोबर फिरलो. वळणावरच्या सैल खडीत ब्रेक दाबायचा नाही, गाड्यांच्या चाकांनी दबलेल्या पट्ट्यातून जायचं, उतारावर पत्र्याच्या पन्हळीसारख्या लाटा लागल्या की हँडलवरची पकड ढिली ठेवायची, हे सगळं त्याने शिकवलेलं. मग तो इंग्लंडला परत गेला. जाताना त्याची भारी सायकल मला देऊन गेला, आणि रस्ताही. तेव्हापासून मी एकटा फिरतो.

माझे वडील, अण्णा, बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात असे. त्यावरचे खड्डे मुरूम-खडीने भरायचे, कडेचे चर मोकळे ठेवायचे, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा. त्याच रस्त्याने मी तालुक्याच्या शाळेत गेलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. माझी पदवी त्या फावड्यावर उभी आहे, हे मी विसरलेलो नाही.

आई गेल्यावर वर्षभराने अण्णा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले. त्यांनी परत जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तिकडे ते एकटे, इकडे मी एकटा. दोघांनी एका घरात राहावं, एवढा साधा माझा विचार. व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज मी भरून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. विचारलं की ते म्हणत, "बघू."

मी कामावर गेलो की ते दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत.

"आरं, हितली माणसं असत्यात कुठं?"

"गाडीत, अण्णा."

म्हणून एका रविवारी त्यांना बरोबर घेऊन गेलो. हॉलपाशी उतरून त्यांनी बुटाच्या टोकाने खडी उकरून बघितली.

"ह्यो तर कच्चा रस्ता हाय."

"हो. मुद्दाम अशाच रस्त्यावर चालवतात."

"आमी जलमभर डांबर पडंल म्हणून वाट बघितली, आन् तू डांबर सोडून खडीवर सायकल हाणाया इतक्या लांब आलास?"

"व्यायाम होतो."

"मग फावडं घे की हातात!"

तरी मग दर रविवारी ते बरोबर येत, आणि मी जाऊन येईपर्यंत गाडीत बसून राहत, थर्मासमधला चहा पीत. अडीच तास. मला अपराधी वाटे, पण निदान त्या खिडकीपेक्षा बरं, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

पाचव्या रविवारी परत आलो तर गाडी रिकामी. दार उघडं, थर्मास सीटवर, फोनही तिथेच. मी मोठ्याने हाका मारल्या. कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. पाय भरून आले होते, तरी दुसऱ्या फाट्याने सायकल दामटली. किलोमीटरभरावर वळणाशी एक युट उभी होती, मागे उघडा हौदा असलेली, इथल्या शेतकऱ्यांची असते तशी. गमबूट घातलेला शेतकरी तिला टेकून उभा होता. आणि रस्त्याच्या कडेला अण्णा वाकलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काठी.

"हे तुझे वडील का?" शेतकऱ्याने इंग्रजीत विचारलं.

"हो. काही चुकलं का त्यांचं?"

"त्यांचं नाही, माझ्या मेटल रोडचं काहीतरी चुकलंय. मघापासून तेच सांगतायत बहुतेक."

इथे खडीला मेटलच म्हणतात. अण्णांच्या खात्यातही तोच शब्द होता. तो कानावर पडताच त्यांनी मान वर केली.

"मेटल वाहून चाललंय, सांग त्याला. चर बुजलाय. पाणी रस्त्यावर आलं की रस्ता मेला."

मी सांगितलं. शेतकरी "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', हौद्यातून फावडं काढून त्याने अण्णांच्या हातात दिलं, आणि काम झालं की हॉलच्या मागे ठेवा म्हणून निघून गेला. अण्णांनी फावड्याची मूठ दोन-तीनदा फिरवून बघितली. इथे आल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढे दीड महिना असाच गेला. मी सायकलवर, अण्णा चरात. शेवटच्या उतारावरून खाली येताना माझं पिवळं जाकीट घातलेले अण्णा दुरून ठिपक्यासारखे दिसायचे. परतताना कुणीतरी आपली वाट बघतंय, हे मला किती वर्षांनी मिळत होतं. आता ते सही करतील अशी माझी खात्री झाली. अर्ज मी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

मग एका बुधवारी मला सुट्टी होती म्हणून आम्ही गेलो, तर रस्त्यावर कौन्सिलचा ग्रेडर चालू होता. लांबलचक पातं लावलेलं मोठं पिवळं यंत्र. त्याने रस्ता खरवडून सपाट केला, कडेला सरळ चर काढला. अण्णांचं दीड महिन्याचं काम त्याने अर्ध्या तासात पुसलं. मला वाटलं, ते दुखावतील. ते म्हणाले, "झ्याक काम केलं गड्यानं."

दुपारी ग्रेडर हॉलसमोर येऊन थांबला. चालकाने कानांवरचे मफ काढले, केबिनमध्ये बसूनच डबा उघडला आणि समोरच्या काचेकडे बघत खाल्लं. डबा बंद केला, मफ चढवले, यंत्र सुरू. आम्ही गाडीत बसून बघत होतो.

"एकटाच असतोय व्हय त्यो?"

"हो."

"रोज?"

"असेल."

अण्णा म्हणाले, "आमची पाचजणांची टोळी. दुपारी लिंबाखाली बसायचो. भाकरी एकाची, कालवण दुसऱ्याचं. एकजण तर माझाच ठेचा चोरून खायचा आन् वर म्हणायचा, वहिनीच्या हाताला मीठ कमी." ते हसले. मग माझ्याकडे वळले. "तू दुपारी कुणासंगट जेवतोस?"

"टी-रूममध्ये."

"कुठं न्हाई, कुणासंगट, आसं इचारलं मी."

मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "त्यातली तिघं अजून हायती," म्हणाले. "सकाळी पारावर येत्यात. माझी जागा मोकळी ठेवत्यात." मी वाद घातला नाही. माझ्याकडे त्यांना द्यायला तशी जागा नव्हती, एवढं मला त्या गाडीत बसल्या बसल्याच कळलं होतं.

ते गावी परत गेल्यानंतर काही महिन्यांनी, असाच सुट्टीच्या दिवशी, फेरीहून परत येताना ग्रेडर पुन्हा हॉलसमोर उभा दिसला. तोच माणूस केबिनमध्ये जेवत होता. त्याने एक बोट वर केलं. इथल्या रस्त्यांवर नमस्कार म्हणून तेवढं करायची पद्धत आहे. मीही हँडलवरून एक बोट वर केलं, सायकल गाडीला लावली आणि निघालो. रविवारी फोनवर अण्णांना सांगितलं.

"थांबला न्हाईस?"

"तो जेवत होता, अण्णा."

"मग तर थांबायचं! पोळ्या जास्तीच्या घिऊन जात जा."

आता मी रविवारऐवजी सुट्टीच्या बुधवारीच जातो. सायकलच्या पिशवीत चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी असते. वळणावर चरात पानं अडकली असतील तर हॉलमागचं फावडं आणून काढतो. ग्रेडर अजून आलेला नाही. वर्षातून फार तर दोन-तीनदा येतो म्हणे. हॉलच्या पायरीवर बसून मी दोन पोळ्या खातो, रस्त्याकडे बघत थोडा वेळ थांबतो, आणि मग उरलेल्या दोनही खातो.